कळल्यानंतरची जबाबदारी

एकोणिसावे शतक म्हटले की आगगाडी, तारायंत्र, विजेचा दिवा अशी शोधांची मालिका आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. या शोधांनी माणसाचे सामर्थ्य वाढविले, म्हणून जगाने त्यांचे स्वागत केले. त्याच शतकात एक शोध असा लागला, की तो स्वीकारण्यासाठी माणसाला आधी स्वतःला अपराधी म्हणावे लागत होते. आपल्या हातून नकळत घडलेल्या हानीची जबाबदारी आपल्यावर येते काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न त्या शोधाने पुन्हा समोर आणला.

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. आळीपाळीने एक दिवस या विभागात, तर दुसऱ्या दिवशी त्या विभागात स्त्रियांना दाखल करून घेतले जाई. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली व ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५ मातांचा मृत्यू झाला. बाळंतज्वर हे या मृत्यूंचे मुख्य कारण होते. पहिल्या विभागाची ही कीर्ती शहरभर पसरलेली होती. आपल्या वाट्याला तो विभाग आला असे कळताच गोरगरीब स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे पाठविण्याची याचना करीत.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन डॉक्टर १८४६ साली याच विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. दोन्ही विभागांत हवा तीच, अन्न तेच. मग एवढा फरक का? त्याने एकेक शक्यता तपासून पाहिली. मरणासन्न मातेला शेवटचा साक्रामेंत देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा त्यांच्यापुढे घंटा वाजवीत एक सेवक चाले. पहिल्या विभागाच्या रचनेमुळे त्यांना इतर खोल्यांतून जावे लागे, आणि त्या घंटेच्या आवाजाने बाळंतिणींच्या काळजात धस्स होई. ही भीतीच रोगाचे कारण असेल काय, अशी शंका सेमेलवाइसला आली. त्याच्या विनंतीवरून धर्मगुरू घंटेविना, दुसऱ्या वाटेने येऊ लागले. तरीही मृत्यू कमी झाले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्याचे ज्येष्ठ स्नेही प्राध्यापक याकोब कोलेच्का यांचे निधन झाले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या मृतदेहाच्या तपासणीचा अहवाल वाचताना सेमेलवाइसला दिसले, की मृत मातांच्या शरीरांत आढळणाऱ्या खुणाच तेथेही होत्या. मग उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येत. साबणाने धुतलेल्या त्यांच्या हातांना तरीही प्रेताचा वास येई. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यापासून त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत केवळ ४५ माता दगावल्या.

आता आपला प्रश्न येतो. त्या डॉक्टरांना मृत्यूचे दोषी मानावे काय? रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा कुणालाच नव्हते. जे कळणे शक्यच नव्हते त्याचा नैतिक दोष माणसावर येत नाही, ही ख्रिस्ती नीतिविचाराची जुनी शिकवण आहे. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एका अज्ञानाकडे लक्ष वेधले आहे. ते माणूस स्वतःहून पत्करतो. कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून तो कळून घेण्याचेच टाळतो. असे अज्ञान दोष हलका करीत नाही, उलट वाढविते.

व्हिएन्नाच्या शोधाची वार्ता पसरली, तेव्हा अनेक नामवंत प्राध्यापकांनी आकडे समोर असूनही ती नाकारली. आजवर आपल्या हातून माता मेल्या, हे मान्य करणे त्यांना जड गेले. पिलाताने हात धुतले ते जबाबदारी झटकण्यासाठी. येथे हात धुणे म्हणजेच जबाबदारी स्वीकारणे होते. म्हणूनच ते इतके कठीण झाले.

जर्मनीतील कील येथील प्राध्यापक गुस्ताव आडोल्फ मिखाएलिस यांनी मात्र सत्य तत्काळ ओळखले व आपल्या रुग्णालयात हात धुण्याची पद्धत सुरू केली. परंतु त्यांनी ज्यांचे बाळंतपण केले होते अशा एका नात्यातील स्त्रीला बाळंतज्वराने मृत्यू आला होता. ते ओझे त्यांना पेलवले नाही. ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी आगगाडीखाली देह झोकून दिला. इतक्या हळव्या सदसद्विवेकाला क्षमेचा आधार मिळाला असता तर त्यांच्या हातून आणखी किती माता वाचल्या असत्या, हा विचार मनाला चटका लावून जातो.

सेमेलवाइसने आपल्या ग्रंथात, आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली मृत्यू पावल्या हे देवालाच ठाऊक, अशी उघड कबुली दिली. पण तो ग्रंथ निघण्यास १८६१ साल उजाडले. पुढे विरोधकांना खुली पत्रे लिहून त्याने त्यांना खुनी ठरविले. जे सत्य स्वीकारण्यासाठी माणसाला आधी धीर द्यावा लागतो, ते दगडासारखे भिरकावले तर समोरचा आपले दार अधिकच घट्ट लावून घेतो. १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून त्याचा अंत झाला. १८७९ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये बाळंतज्वराचा जंतू दाखवून दिला.

आपल्याही घरांत अशी सत्ये उशिरा उमगतात. शिस्त म्हणून बोललेल्या शब्दांनी मूल कोमेजले, काटकसर म्हणून केलेल्या हेळसांडीने वडीलधाऱ्यांचे दुखणे बळावले. कळले नव्हते तोवरचा भार देवाच्या दयेवर सोपवावा. स्वतःला चिरडून टाकण्याने गेलेले परत येत नाही. पण कळल्याच्या क्षणापासून आपली जबाबदारी सुरू होते. सेमेलवाइसने विद्यार्थ्यांना द्रावणात हात धुवायला लावले आणि स्वतःचेही हात त्यात धुतले. खरा पश्चात्ताप याहून वेगळा नसतो.