टर्कीतला होकार

गर्दची पुडी खिशात सापडलेला विशीतला मुलगा कोठडीत पहिली रात्र काढतो, तेव्हा कायद्याची भीती त्याच्या मनात फार वेळ टिकत नाही. टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सुरू होतो. नाक वाहतं, हाडं ठणकतात, उलट्या होतात. गुन्हा कबूल कर, दंड भरून सुटशील, असं कुणी म्हटलं तर तो कबूल करील. उपचाराला जातोस का विचारलं, तरी हो म्हणेल.

हा दुसरा प्रश्न विचारण्याची सोय अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 39 मध्ये आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात (हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत, एमडी म्हणजे मेफेड्रोन 2 ग्रॅम, गांजा एक किलो) व्यसनी माणूस दोषी ठरला, तर त्याचं वय, पूर्वेतिहास, प्रकृती पाहून न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी मान्यताप्राप्त केंद्रात पाठवू शकतं. त्याची संमती मात्र हवी. त्यानं मुचलका लिहून द्यायचा, वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल सादर करायचा. अहवालानं समाधान झालं तर न्यायालय समज देऊन सोडतं. कागदावर सगळं आहे. पंजाबातल्या विशेष न्यायालयांच्या 2013 ते 2015 मधल्या खटल्यांचा ‘विधी’ या अभ्याससंस्थेनं धांडोळा घेतला, तेव्हा न्यायालयानं व्यसनमुक्तीसाठी पाठवलेला एकही आरोपी त्यांना सापडला नाही.

तुरुंगाचं दार उघडं दिसत असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं का? माझ्या मते म्हणावं. व्यसनमुक्ती केंद्रात आपण होऊन येणारे असतात किती? कुणाला आईनं आणलेलं असतं, कुणाला बायकोनं, कुणाला साहेबानं. तसं न्यायालयानंही ढकललं तर बिघडत नाही. फक्त आधी टर्की उतरू द्यावी, वकिलानं दोन्ही वाटा समजावून सांगाव्यात, मग विचारावं. आणि ज्याला व्यसनच नाही, मित्रांच्या नादानं एकदा चिलीम ओढली, त्याला केंद्रात कोंबू नये. तिथली खाट दुसऱ्या कुणाला तरी हवी असते.

मला खरी अडचण दिसते ती पुढे. व्यसन सोडणारा मुलगा मध्येच एकदा घसरतो, पुष्कळदा घसरतो. केंद्रातले लोक याला स्लिप म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. पण उपचाराच्या काळात या कायद्याखाली गुन्हा करणार नाही, असं मुलानं लिहून दिलेलं असतं, आणि सेवन हाच त्यातला एक गुन्हा. म्हणजे आजाराचं लक्षण दिसलं की मुचलका मोडला!

या घसरण्याकडे न्यायालयानं कसं पाहावं? अमेरिकेत मायामीला 1989 साली पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. तिथे न्यायाधीश त्याच आरोपीला वरचेवर समोर बोलावतात, लघवीची तपासणी पाहतात, कसं चाललंय विचारतात. पुढे किशोरांसाठीही अशी न्यायालयं निघाली. त्यांच्यावरचा आक्षेपही खरा आहे: घसरलेल्याला शिक्षा म्हणून पुन्हा आत टाकलं जातं, आणि काहींना उपचार न घेता भोगावा लागला असता त्याहून जास्त तुरुंगवास घडतो. तरी वर्षाकाठी एक अहवाल वाचणाऱ्या न्यायालयापेक्षा मुलाचा चेहरा ओळखणारं न्यायालय मला बरं वाटतं. तारखा घ्याव्यात, तपासणी घ्यावी. ती बिघडली म्हणून कोठडी देऊ नये.

आपल्याकडे सतरा वर्षांच्या मुलाला निदान बाल न्याय मंडळ असतं. तिथे मॅजिस्ट्रेटशेजारी दोन समाजसेवक बसतात. अठरा पूर्ण झाले की हे संपलं. मग ज्याच्या घरच्यांना चांगला वकील परवडतो, त्याला कलम 64-अ कळतं: स्वतःहून उपचार घ्या, ते पुरे करा, खटलाच टळेल. पुलाखाली झोपणाऱ्याला हे सांगणार कोण? कलम 39 चा मुचलका जामीनदाराशिवायही घेता येतो. गुन्हा कबूल करून बसलेल्या मुलासाठीही, शिक्षा सुनावण्याआधी, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलानं उठून तशी विनंती करायला हवी. त्याला दोन मिनिटं लागतात.