शौर्याचें स्मारक आणि कृत्याचा न्याय

मृत योद्ध्यांचें स्मारक आपण उभारतों, तेव्हां केवळ त्यांच्या मरणाचें दुःख प्रकट करतों, कीं त्यांनीं केलेल्या कृत्यालाही संमति देतों? बहुतेक स्मारकांपुढें हा प्रश्न मनांत येत नाहीं. परंतु इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत विकेनबी येथें जुन्या लष्करी विमानतळाच्या प्रवेशद्वाराशीं जें स्मारक आहे, त्याचा विचार करूं लागलें असतां तो टाळतां येत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत या तळावरून ब्रिटिश हवाई दलाच्या १२ व ६२६ या क्रमांकांच्या पथकांचीं लँकेस्टर विमानें रात्रीं जर्मनीवर बाँब टाकण्यास जात. त्या मोहिमांत १,०८० माणसें कामास आलीं. १९८१ सालीं उभारलेल्या स्मारकावर ही संख्या कोरलेली असून तिच्याबरोबर कोसळणाऱ्या इकॅरसची आकृति आहे. मेणानें जोडलेले पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेलेला व समुद्रांत पडून मेलेला हा ग्रीक पुराणांतील तरुण. विजयाचें चिन्ह सोडून पतनाचें चिन्ह निवडण्यांत स्मारककर्त्यांचा विवेक दिसतो, असें आम्हांस वाटतें.

या तरुणांच्या धैर्याविषयीं वाद नाहीं. ब्रिटनच्या बाँबर दलांत सुमारें १,२५,००० जणांनीं विमानांतून काम केलें. त्यांपैकीं ५५,५७३ जण मृत्यु पावले. विमानांत चढण्याची सक्ति कोणावरही नव्हती. ते सारे स्वेच्छेनें आले होते. एका लँकेस्टरमध्यें सात जण असत व सामान्यतः तीस मोहिमा पुऱ्या केल्यावर त्यांस विश्रांति मिळे. काल जेवणाच्या मेजावर शेजारीं बसलेला सोबती आज नाहीं, हें पाहूनही संध्याकाळीं पुन्हां विमानांत चढावयाचें, याला जें मनोबल लागतें तें रणांगणावर एकदांच उसळणाऱ्या आवेशाहून निराळें व बहुधा अधिक दुर्मिळ असतें.

पण हीं विमानें जात होतीं कोठें? १९४१ च्या ऑगस्टमध्यें बट यांच्या अहवालानें दाखवून दिलें कीं, लक्ष्यावर बाँब टाकल्याचें सांगणाऱ्या विमानांपैकीं अवघीं एकतृतीयांश विमानें लक्ष्याच्या पांच मैलांच्या आंत पोंचलीं होतीं. अंधारांत कारखाना सांपडत नाहीं, शहर सांपडतें. म्हणून १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानें शत्रूच्या नागरिकांचें, विशेषतः कामगारांचें, मनोधैर्य हेंच लक्ष्य ठरलें. १९४३ च्या जुलैअखेर हँबुर्ग येथें ३५,००० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं; १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेन येथें सुमारें २५,०००. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री येथें जर्मनीनें असा संहार आधींच केला होता, आणि नाझी सत्तेचा पाडाव होणें अवश्य होतें, हें विसरतां कामा नये. तथापि शत्रूच्या अपराधानें त्याचें मूल अपराधी ठरत नाहीं. हा विवेक त्या काळींही जागा होता: चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनीं ९ फेब्रुवारी १९४४ रोजीं लॉर्डांच्या सभेंत या धोरणाला उघड विरोध केला.

या पेचांतून सुटण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. एक असा कीं, त्यांनीं आज्ञा पाळली, सबब त्यांचा त्या कृत्याशीं संबंध नाहीं. पण असें म्हणण्यानें आपण त्यांना यंत्राचा एक भाग ठरवितों, आणि यंत्राच्या भागाचें स्मारक कोणी उभारीत नाहीं. ज्या स्वेच्छेमुळें त्यांचें शौर्य शौर्य ठरतें, त्याच स्वेच्छेमुळें कृत्याचा कांहीं अंश त्यांच्याकडे जातो. दुसरा मार्ग असा कीं, कृत्य क्रूर, म्हणून स्मारक नकोच. हें तर अधिकच अन्यायाचें होय. धोरण ठरविलें तें मंत्र्यांनीं व सेनापतींनीं. विजय दृष्टिपथांत आल्यावर, २८ मार्च १९४५ रोजीं, खुद्द पंतप्रधान चर्चिल यांनीं या बाँबफेकीचा फेरविचार व्हावा असें टिपण लिहिलें; अधिकाऱ्यांनीं हरकत घेतल्यावर तें मागें घेऊन सौम्य केलें. हुकूम देणारास टिपण बदलतां येतें. हुकुमावरून गेलेल्या व परत न आलेल्या विशीतल्या मुलास कांहींच बदलतां येत नाहीं.

महाभारतकारांपुढेंही असाच प्रश्न होता. सौप्तिक पर्वांत अश्वत्थामा रात्रीं निजलेल्या पांचालांचा संहार करतो. कृपाचार्य त्याला परावृत्त करूं पाहतात, तो ऐकत नाहीं. विकेनबीचे तरुण असे सूडानें पेटलेले नव्हते, हा भेद मोठा आहे. परंतु व्यासांनीं अश्वत्थाम्याचा पराक्रम नाकारला नाहीं, आणि त्या रात्रीच्या कृत्याला धर्म्यही म्हटलें नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. पुढें स्त्रीपर्वांत युधिष्ठिर दोन्ही पक्षांच्या मृतांची उत्तरक्रिया करवितो. ज्यांचें कोणी उरलें नाहीं त्यांचीही.

आमच्या मतें, मृतांचा आदर केल्यानें त्यांस निर्दोष ठरविल्यासारखें होत नाहीं, आणि कृत्याचा दोष सांगितल्यानें त्यांचा अनादरही होत नाहीं. लंडन येथें २०१२ सालीं बाँबर दलाचें जें स्मारक झालें, त्यावर बाँबफेकींत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचेंही स्मरण केलेलें आहे, तें यथायोग्यच होय. विकेनबीच्या दगडावर १,०८० हा आंकडा नेमका आहे, कारण तेथून निघणाऱ्या प्रत्येकाची नोंद होत असे. हँबुर्गचा आंकडा आजही अंदाजानेंच सांगावा लागतो. त्या नेमक्या आंकड्यापुढें मस्तक लववितांना हा दुसरा, अनिश्चित आंकडाही ज्याच्या मनांत राहतो, त्यानेंच त्या तरुणांना पुरतें ओळखलें, असें आम्ही म्हणूं.