नको असताना चूक होतेच कशी?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४३.

अर्जुन इथे अगदी आपल्या मनातला प्रश्न विचारतो. माणसाला पाप करायचं नसतं, तरी कुणीतरी मागून ढकलावं तसा तो ते करून बसतो. हे करवतं कोण?

समोर कौरवांचं सैन्य उभं आहे, पण भगवंत दुर्योधनाचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात, हा काम, हा क्रोध, हाच तुझा वैरी. मग त्याची राहण्याची ठिकाणंही सांगतात : इंद्रियं, मन आणि बुद्धी.

संध्याकाळची कल्याण लोकल डोळ्यांसमोर आणा. बसायला जागा मिळालीय, उतरायचंय डोंबिवलीला. ठाण्याला एक आजोबा चढतात, रेटारेटीत कसेबसे आपल्यासमोर येऊन उभे राहतात. डोळे त्यांना बघतात आणि पटकन मोबाइलमध्ये शिरतात. हे इंद्रिय. 'मीही दिवसभर दमलोय.' हे मन. 'माझ्याच एकट्यावर का? उठेल की दुसरं कुणी!' ही बुद्धी. इथवर आलं की वाईट हे वाईट दिसतच नाही, ते शहाणपणाच्या भाषेत बोलायला लागतं.

म्हणून भगवंतांचा उपाय बघा. ते म्हणतात, आधी इंद्रियांना आवर. आत वाद रंगला की आपण हरतो, कारण तिथे आपलीच बुद्धी वैऱ्याची वकिली करत असते. म्हणून पहिलं कारण सुचायच्या आत उठायचं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री कुणाला सणसणीत उत्तर टाइप करतोय? आधी फोन खाली ठेवायचा. बरोबर कोण, ते सकाळी ठरवू.

आणि हरलो तर? मोबाइलमध्ये डोळे घातले तरी आत काहीतरी टोचतंच ना? भगवंत सांगतात, बुद्धीच्याही पलीकडे आत्मा आहे. त्याला ओळख आणि मग वैऱ्याशी लढ. आत झगडा चालू आहे म्हणून स्वतःला वाईट समजू नका. झगडा थांबला आणि टोचणंही बंद झालं, तर मात्र काळजी करा. सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी गुण सांगताना भगवंत अर्जुनाला धीरच देतात, की शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊन जन्मलायस.

आजची साधना छोटीशीच : एकदा तरी, कारण सुचायच्या आत, चांगलं ते करून टाका.

राम कृष्ण हरी!