पाणी वाहणाऱ्यांना ठाऊक होतं



आजच्या शुभवर्तमानात काना गावचं लग्न आहे. हे वाचन आलं की मला गेल्या फेब्रुवारीतली एक सहल आठवते. ती इथं सांगण्यासाठी बहिणीची आणि मेहुण्यांची परवानगी घेतली आहे. मेहुणेच म्हणाले, "फादर, सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत मुंबई-वसईची कितीतरी कुटुंबं जातात. बहीण, मेहुणे आणि त्यांच्या दोन मुली आदल्या रात्री वसईहून माझ्याकडे ठाकूरद्वारला मुक्कामाला आल्या. पहाटे पाचला निघालो. ठाणे गेलं, भिवंडीचा बायपास गेला, शहापूरला वडापाव झाला, आणि जपमाळ कसारा घाटात संपली.

इगतपुरीच्या पुढं रस्त्यापासून थोडं आत एक पांढरं चर्च दिसलं. तिथं चर्च असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून गाडी वळवली. तो एका चित्रपटाचा सेट होता! शूटिंग उरकलं होतं. राखणदार भला माणूस, त्यानं आत जाऊ दिलं. भिंती प्लायवूडच्या, खांब प्लास्टरचे, मागं बांबूंचे टेकू. दाराशी पवित्र पाण्याचं पात्रही होतं. सात वर्षांच्या धाकटीनं सवयीनं त्यात बोटं घातली. पात्र कोरडं. तरी तिनं क्रूसाची खूण केली आणि मला विचारलं, "फादर मामा, चालेल का?"

सेमिनरीत आभास आणि वास्तव या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. तिथं मात्र "चालेल, बाळा" याहून जास्त काही सुचलं नाही. मेहुणे त्या भिंतीच्या मागं जाऊन टेकूंकडे बघत बराच वेळ उभे होते. त्यांना सुतारकामाची आवड आहे, असं मी समजलो.

यात्रेतली गर्दी, मेणबत्त्या, नवस फेडणारी माणसं, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. मिस्सा आणि जेवण झाल्यावर दुपारी आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाच्या द्राक्षमळ्यात गेलो. हट्ट माझाच होता. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही वायनरी आता मुंबईकरांचं सहलीचं ठिकाण झाली आहे. जानेवारी ते मार्च हा इकडं द्राक्षं खुडून गाळण्याचा हंगाम. युरोपात तो सप्टेंबरच्या आसपास येतो. नाशिकचा वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल पार बोडका होतो. मग ऑक्टोबरमध्ये फळासाठी दुसरी. थंड देशात वेल हिवाळ्यात आपोआप झोपी जातो. आपल्याकडं त्याला कात्रीनं थांबवावं लागतं. योहानाच्या पंधराव्या अध्यायावर मी इतकी वर्षं प्रवचनं केली, पण दोनदा छाटलेला वेल प्रथमच जवळून पाहिला. खोडावरच्या जुन्या जखमा हाताला लागतात.

नंतर चव घेण्याचं दालन. मी काउंटरपाशी उत्साहात होतो. मिस्सासाठी द्राक्षारस शुद्ध, द्राक्षांचाच आणि न नासलेला असावा, हा धर्मसभेचा नियम मी तिथल्या मुलाला समजावून सांगत होतो. मेहुण्यांनी पेला घेतला नाही. मी म्हटलं, "घ्या हो, दाजी! सणाचा दिवस आहे, एका घोटानं काय होतंय?" ते हसले, "नको फादर, बाहेर जरा वारा खातो" म्हणाले आणि गेले. सोळा वर्षांची थोरली काही न बोलता त्यांच्या मागोमाग गेली. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

परतीच्या वाटेवर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकाच्या बागेत थांबलो. मुली पुढं गेल्या. बहीण म्हणाली, "दादा, त्यांना सोडून अकरा महिने झाले. त्याआधी आठ वर्षं आमचं घर म्हणजे सकाळी बघितलेला तो सेटच होता."

आठ वर्षं! मी दर नाताळला त्या घरी जेवलो आहे. पाहुणचारावरच्या एका प्रवचनात त्या घराचं उदाहरणसुद्धा दिलं आहे. रात्री नाक्यावरून वडिलांना धरून आणणारी, आई उठायच्या आत पहाटे बादली भरून फरशी पुसणारी मुलगी तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांची होती. मला काही ठाऊक नव्हतं.

काना गावात भोजनकारभाऱ्यानं नवा द्राक्षारस चाखला आणि वराला बोलावून त्याची वाहवा केली. तो कुठून आला, हे त्याला माहीत नव्हतं. योहान मध्येच एक छोटीशी नोंद करतो, की ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं त्यांना ते माहीत होतं. हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं असेल. त्या बागेत मला कळलं की त्या घरात मी भोजनकारभारी होतो आणि पाणी वाहणारी ती पोर होती.

आता फाळक्यांविषयी थोडं, कारण तो माणूस आपल्या शेजारचा. १९११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढं राम आणि कृष्ण उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातच, कॉरोनेशनमध्ये, 'राजा हरिश्चंद्र' लागला. राणी तारामती झाले होते साळुंके, हॉटेलात काम करणारे एक पुरुष. पडद्यामागं सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि फिल्मला भोकंही पाडत. म्हणजे चित्रपटात सगळंच बनावट, तरी त्यात कुणाची फसवणूक नाही. सेटवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की भिंतीमागं बांबू आहे, आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात. घराचाच सेट झाला तर माणसं जाणार कुठं?

बहिणीला मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू फादर आहेस ना." त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. आपल्या धर्मग्रामातही अशी घरं असतील आणि तीही मला याच कारणानं सांगत नसतील. मारियामातेनं त्या लग्नघरातली उणीव ओळखली ती न सांगता. भर मांडवात तिनं त्याची वाच्यता केली नाही, फक्त आपल्या पुत्राला सांगितलं. पाहुण्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, घराची अब्रू राहिली. अशी नजर मला अजून यायची आहे.

आणखी एक गोष्ट थोड्यांनाच माहीत आहे. ज्या धर्मगुरूला द्राक्षारस घेणं धोक्याचं असतं, त्याला आपल्या महागुरुस्वामींच्या परवानगीनं मिस्सामध्ये मुस्तुम, म्हणजे जवळजवळ न आंबलेला द्राक्षांचा रस, वापरता येतो. २००३ मध्ये रोमहून आलेल्या पत्रात हे स्पष्ट केलं आहे. आणि नुसती पवित्र भाकर घेणाऱ्यालाही संपूर्ण ख्रिस्त मिळतो, त्यात तसूभरही कमी नाही. वेदीपाशी आपण इतका विचार करतो. मग लग्नाच्या हॉलमध्ये टोस्टच्या वेळी रिकाम्या हातानं उभ्या असलेल्या माणसाला "घे रे, आज नाही तर कधी" असं का म्हणतो? मीही म्हटलं होतं, तेही झगा अंगात असताना.

घाट उतरताना मी मेहुण्यांची क्षमा मागितली. ते गाडी चालवत होते. "फादर, तुम्हांला कुठं माहीत होतं," एवढंच म्हणाले. मागं थोरली झोपली होती, धाकटी तिच्या मांडीवर.

या नाताळात ते सगळे पुन्हा ठाकूरद्वारला आले होते. मेहुण्यांनी घरच्या कोकम सरबताच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. थोरलीनं पेले भरले. आम्ही सगळ्यांनी तेच घेतलं.