उजेडाचं देणं

अधिक मासात जावयाला 33 अनारसे आणि वर चांदीचा नाहीतर तांब्याचा दिवा द्यायचा, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं. 2023 साली अधिक श्रावण आला, तेव्हा आमच्या कराडच्या भजनी मंडळात ठरलं की यंदा दिव्याचे पैसे एकत्र करायचे आणि आजूबाजूला ज्यांचं लाइट बिल थकलंय, त्यांचं बिल भरायचं. मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून यादीही माझ्याकडेच आली.

यादीबरोबर वादही आला. ज्यांच्या घरात टीव्ही चालतो, त्यांना कसलं दान? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान पात्र पाहून द्यावं असं सांगितलंय, हा आधार लगेच पुढे झाला. परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्यावं, हेही तिथेच आहे, ते कुणी काढलं नाही. मला ही पात्रतेची तपासणी मनापासून खटकते. दारिद्र्यरेषेखालच्या घराला विजेचा सवलतीचा दर मिळतो तो महिन्याला 30 युनिटांच्या हिशेबाने. 75 वॉटचा पंखा रात्री दहा तास चालला, तरी महिन्याला साडेबावीस युनिटं होतात. नऊ वॉटचे दोन बल्ब रोज पाच तास लागले, की आणखी पावणेतीन. छोटा टीव्ही रोज चार तास लावला, तर 30 ची रेघ ओलांडलीच. म्हणजे दिवसभर लोकांची धुणीभांडी करून आलेल्या बाईने संध्याकाळी मालिका पाहिली, तर ती सरकारच्याही आणि आमच्याही हिशेबात गरीब उरत नाही. देव असा हिशेब ठेवत असेल, हे मला पटत नाही.

शेवटी गुप्तदानावर एकमत झालं. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो माहीत असला की कुणाचंही बिल कुणालाही भरता येतं. दारांच्या कडीत खोचलेल्या बिलांवरून क्रमांक टिपले आणि पैसे भरून टाकले. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, हा हेतू चांगलाच होता.

पुढच्या महिन्यात एक मावशी माझ्या दारात आल्या. थकबाकी शून्य झालेली पाहून त्या आनंदल्या नव्हत्या, अस्वस्थ होत्या. "बाई, कुनी भरलं त्ये तेवढं सांगा. फेडायचं कुनाला, त्ये तरी कळू दे." त्यांना न विचारता आम्ही त्यांच्यावर उपकार करून ठेवला होता आणि तो नाकारायची सोयही ठेवली नव्हती. मी नाव सांगितलं. तेव्हापासून त्या जमेल तसे पैसे मंडळात आणून देतात आणि वहीत परतफेड असंच लिहायला लावतात.

मला वाटतं, देणं उलट बाजूला आहे. या मावशींच्या वडिलांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. कोयनेची वीज 1962 पासून मुंबईपर्यंत पोचली, गिरण्या-कारखाने त्यावर चालले. ज्यांनी त्यासाठी जमीन आणि घर सोडलं, त्यांच्या लेकीचं बिल थकतं आणि आम्ही तिला पात्र-अपात्र ठरवत बसतो.

सगळे थकबाकीदार धरणग्रस्त नसतात, हे खरंच आहे. पण शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीने माणसांचंही ऋण सांगितलंय आणि ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन फिटतं. त्यासाठी समोरच्याने दाखला आणायचा नसतो, आपण माणसांत जन्मलो एवढंच पुरतं. आज पंख्याशिवायच्या पत्र्याच्या खोलीत चैत्र-वैशाख काढायला लावणं म्हणजे आसरा नाकारणंच आहे.

म्हणून मला आमच्या गुप्तदानापेक्षा वीजदरातले टप्पे धर्माच्या जास्त जवळचे वाटतात. दुकानं-कारखाने चढा दर भरतात आणि त्यातून कमी वीज वापरणाऱ्यांचा दर हलका होतो. देणारा घेणाऱ्याला ओळखत नाही, मिंधेपण कुणाच्याच वाट्याला येत नाही. सक्तीने घेतलेल्या पैशाचं पुण्य कसलं, असं मंडळात एकीने विचारलं. पुण्य नसेलही. पण वसूल करून घेतलेलं कर्जसुद्धा फिटतंच. माझी तक्रार आहे ती 30 युनिटांच्या रेघेबद्दल, ती वर सरकायला हवी. घरगुती बिलावरचं 16 टक्के वीज शुल्क निदान सगळ्यात लहान बिलांना तरी लागू नये.

यापुढे मंडळाने आधी विचारावं, असा माझा आग्रह आहे. वीज कायद्याच्या 56 व्या कलमाप्रमाणे कनेक्शन तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेवढ्या दिवसांत त्या घरी जाऊन बसावं, हप्त्यांचा अर्ज लिहून द्यावा, कार्यालयात सोबत जावं. पैसे लागले तर किती आणि कसे, ते त्या घराने सांगावं. मावशींना मी हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, अर्ज लिहायला तुम्ही या, पन घरोघरी विचारायला मी जाते.