खाण चालते तेव्हा सडा झोपलेला असतो

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चिरेखाण सुरू होते दिवाळीच्या आगेमागे आणि बंद होते मृगाच्या सरी आल्या की. पावसात खाणीत पाणी भरतं, ट्रॅक्टर रुततो, मशीन चालत नाही. चिरा काढणारा माणूस सड्यावर असतो ते आठ महिने कातळ काळा, तापलेला आणि सुका असतो. कातळावर जे जगतं ते उरलेल्या चार महिन्यांत. या दोघांची गाठच पडत नाही. खाणींच्या सगळ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं. आपण सड्यावरचं जे मोडतो, ते आपण कधी पाहिलेलंच नसतं.

जुलैत कातळातल्या खळग्यांमध्ये घोटाभर पाणी साठतं. वाकून पाहिलं तर आधी फक्त तळ दिसतो. जरा थांबलं की तळावरच्या सावल्या हलताना दिसतात आणि मग त्या सावल्यांचे धनी. नखाएवढे, जवळजवळ पारदर्शक, उताणे पोहणारे, पायांची झालर सतत हलवत पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून खाणारे. कोळंबीचे हे दूरचे नातेवाईक. शास्त्रज्ञ त्यांना फेअरी श्रिम्प म्हणतात. सह्याद्रीत सापडलेल्या त्यांच्या एका जातीला २०१४ मध्ये स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस हे नाव मिळालं. खळग्याच्या कडेला ओल्या मातीच्या पातळ थरात सीतेची आसवं फुललेली असतात. वरून ती नाजूक निळी-जांभळी फुलं, पण मातीखाली त्यांच्या तंतूंना बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. सड्याच्या मातीत पोषण नसतंच, म्हणून ही सोय.

या जिवांना घाई असते. फेअरी श्रिम्पचा जन्म, वाढ, वीण, सगळं काही आठवड्यांत उरकतं. पाणी आटतं, ते मरतात, आणि खळग्याच्या तळच्या धुळीत त्यांची अंडी राहतात. ही अंडी मे महिन्याचं ऊन सोसतात आणि कित्येक वर्षं टिकू शकतात. पुढच्या पावसात सगळी एकदम फुटतही नाहीत. काही मागे राहतात, कारण पहिली सर दगा देऊ शकते. घरात कितीही ओढाताण असली तरी शेतकरी बियाण्याच्या मुडीला हात लावत नाही. तळची ती धूळ ही सड्याची मुडी आहे.

खाण लागते तेव्हा पहिला घाव या मुडीवर पडतो. वरचा कडक, वेडावाकडा थर चिऱ्याच्या कामाचा नसतो. तो फोडून, खरवडून बाजूला टाकायचा आणि खालच्या मऊ जांभ्यात पातं घालायचं, अशी कामाची रीत. पण पाणी धरून ठेवतो तो वरचाच थर. खळगा, त्यातली धूळ, धुळीतली अंडी, सगळं एका फेरीत ढिगाऱ्यात जातं. पुढच्या पावसात कापणीची तांबडी भुकटी वाहून शेजारच्या, न तोडलेल्या खळग्यांत उतरते. पाणी गढूळ झालं की उजेड तळाशी पोचत नाही, आणि गाळून खाणाऱ्या जिवाच्या तोंडी अन्नाऐवजी माती येते. हीच भुकटी पऱ्यातून खाली भाताच्या मळ्यांपर्यंत जाते.

यावर गावात एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते खोटं नाही. सोडून दिलेल्या खाणीत पाणी साठतं. पावसाळ्यानंतरही ते टिकतं, आंब्याच्या कलमांना घालता येतं. घोटाभर पाण्याची डबकी गेली आणि पुरुषभर खोल तळं आलं, यात नुकसान ते कसलं? नुकसान असं, की पाणी वाढलं म्हणजे जीव वाढले असं होत नाही. टिकाऊ पाण्यात मासे येतात, किंवा डासांसाठी गप्पी सोडले जातात. फेअरी श्रिम्पला लपणं, पळणं काहीच येत नाही. जिथे मासा आहे तिथे तो नाही. पाणी दर वर्षी आटतं, हेच त्याचं संरक्षण.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच हिशोब मांडला गेला होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तेझ्तान बिनी नावाचं तळं आहे. हिवाळ्यात गोठणारं, इंद्रधनुषी ट्राउट माशांचं, त्सिल्कोतिन लोकांना पवित्र असलेलं. तिथल्या सोन्या-तांब्याच्या खाणीसाठी ते तळं उपसून संपवायचं आणि बदल्यात दुसरं बांधून द्यायचं, अशी योजना होती. २०१० मध्ये केंद्र सरकारने ती नाकारली. मग तळं राखून, खाणीचा गाळ वरच्या अंगाला साठवण्याची नवी योजना आली. त्या गाळातून झिरपणारं पाणी तळं नासवील असा तपासणी मंडळाचा निष्कर्ष निघाला आणि २०१४ मध्ये तीही नाकारली गेली. थंड प्रदेशातल्या तळ्यांना उन्हाळा थोडा, पाण्यात पोषण थोडं, म्हणून झालेली इजा भरून यायला फार काळ लागतो. आपल्याकडे बर्फाऐवजी आठ महिन्यांचं ऊन आहे, पण जगण्याची तंगी तीच. अशा ठिकाणी मोबदल्याचं तळं ही कल्पनाच मला मान्य होत नाही.

जांभा कोकणाच्या घराघरांत आहे आणि चिऱ्याची गरज संपणार नाही, हे मी जाणतो. दापोलीत उंबरशेतकडची बॉक्साइटची खाण किंवा सिंधुदुर्गातलं कळणे, जिथे जुलै २०२१ मध्ये लोहखनिजाच्या खाणीचा बांध फुटून चिखल शेता-बागायतींत शिरला, त्यांच्यापुढे चिरेखाण लहान. म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही. चिरा हे गौण खनिज. एकेक परवाना किरकोळ दिसतो, आणि पाहता पाहता सड्यांची चाळण होते.

आपल्याला कातळ जपता येत नाही असंही नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं मोजक्यांनाच ठाऊक होती. निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी सडेच्या सडे पायी तुडवून ती शोधली, गावकऱ्यांना दाखवली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली. आज उक्षीचा हत्ती किंवा कशेळीचा हत्ती तोडून चिरे काढायची कोणाची छाती होणार नाही. पण त्याच कातळातला खळगा, त्याच दगडांखाली राहणारी आणि १९६३ साली डोर्ले गावच्या सड्यावरून शास्त्राला ठाऊक झालेली पांढऱ्या पट्ट्यांची पाल, यांच्यासाठी कोणी उभं राहत नाही. कोरीव काम कोरड्या सड्यावरही दिसतं. खळग्यातले जीव दिसायला पावसात सड्यावर जावं लागतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चिरेखाणीच्या प्रत्येक अर्जासाठी जागेची एक पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये व्हावी. तलाठी, खनिकर्म विभागाचा माणूस आणि सड्यावर गुरं नेणारं गावातलं कोणीतरी, या तिघांनी मिळून पाणी धरणारे खळगे नकाशावर मांडावेत. ते आणि त्यांना पाणी देणारा उतार सोडून उरलेल्या जागेचा विचार व्हावा, आणि आधीच फुटलेल्या सड्यावरचा चिरा संपेपर्यंत अखंड सड्याला हात लागू नये. गुराख्याला हे खळगे तोंडपाठ असतात. त्याची गुरं पावसाळाभर तिथेच पाणी पितात. आजवर त्याला कोणी विचारलेलं नाही.