वाट देण्याचा धर्म

रस्त्यावरील वाहनचालकांचा उद्दामपणा दिवसेंदिवस वाढत चालला आहे काय, हा प्रश्न आमच्या छत्रपती संभाजीनगरात आता घरोघरी विचारला जातो; आणि ज्यांची मुले पहाटे शिकवणीला किंवा वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर दुचाकीने जातात, त्यांच्या घरी तो केवळ गप्पांचा विषय राहिलेला नाही. आकड्यांकडे वळावे तर उत्तर वाटते तितके सरळ मिळत नाही. १९५१ साली अवघ्या भारतात सुमारे ३ लाख मोटारवाहने नोंदलेली होती, ती २०२० साली ३२ कोटींच्या वर गेली. १९७० साली रस्त्यांवरील अपघातांत सुमारे १४,५०० माणसे मृत्युमुखी पडली, तर २०२२ साली १,६८,४९१. वाहने ज्या मानाने वाढली त्या मानाने मृत्यू वाढले नाहीत, असे एखादा हिशेबी गृहस्थ म्हणेल, आणि हिशेबापुरते ते खरेही आहे. परंतु सरकारी दफ्तरात नोंद होते ती मृत्यूची, संतापाची नव्हे. पुढच्या म्हाताऱ्याच्या पाठीशी कर्कश वाजवलेला हॉर्न, खिडकीतून फेकलेली शिवी, बाईमाणसाच्या स्कूटरला मुद्दाम घासून नेलेली मोटार, यांचा पंचनामा कोणी करीत नाही. तथापि २०२२ च्या त्याच सरकारी अहवालात शंभरातील एकाहत्तरांहून अधिक मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण लिहिलेले आहे, आणि वेग हा बहुधा चालवणाऱ्याच्या मनाचाच निर्णय असतो. ‘गाडीला कट मारल्याच्या कारणावरून’ मारहाण झाली, चाकू निघाला, माणूस जिवानिशी गेला, हे वाक्य वर्तमानपत्रांत आता इतके सरावाचे झाले आहे की ते वाचून आपण दचकतही नाही. आणि हे न दचकणे मला आकड्यांपेक्षा अधिक बोलके वाटते. उद्दामपणा वाढला आहे, असेच माझे मत आहे.

त्याची कारणे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेल्या या नगरीचे दरवाजे आणि गल्ल्या घोडा, पालखी आणि पायी चालणारा यांच्या मापाने आखलेल्या.  पुढे वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे आली, जालना रस्त्यावर एकामागून एक उड्डाणपूल झाले, आणि २०१० च्या ऑक्टोबरात तर या शहरातील मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्याची वार्ता देशभर गेली. संपत्तीबद्दल मला तक्रार नाही. दुष्काळाने गांजलेल्या मुलखाने चार सुखाचे दिवस पाहिले तर आनंदच मानावा. परंतु एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. बैल थकतो, घोडा बुजतो, आणि जनावराच्या त्या थकण्याबुजण्याने धन्याच्या संतापालाही आपोआप मर्यादा पडत असे. यंत्राला स्वतःची इच्छा नाही, ते नकार देत नाही, आणि म्हणून क्रोध मनातून निघून चाकापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत आता अडवणारे कोणीच उरलेले नाही. त्यात गावच्या पाणंदीत समोरून येणारा कोणाचा कोण हे ठाऊक असे. हेल्मेटच्या आणि काळसर काचेच्या आड मात्र चेहरा दिसत नाही, नाव ठाऊक नसते, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्यावर चिडणे फार सोपे असते. पादचाऱ्यांसाठीच्या वाटा अतिक्रमणांनी गिळलेल्या, राँग साईडने येणाऱ्याला अंमलदाराचे भय नाही, सापडलो नाही तर कसूर नाही ही सर्वत्र बोकाळलेली समजूत, या साऱ्यांचा जाब नगरपालनाची जबाबदारी शिरावर घेतलेल्यांना विचारलाच पाहिजे.

पण या कारणांनी घाईचा उलगडा होतो, क्रोधाचा होत नाही. घाईत असलेला माणूस वाट काढून निघून जाईल. तो गाडी आडवी लावून खाली का उतरतो?

महाभारताच्या आदिपर्वात याचे उत्तर एका कथेच्या रूपाने आलेले आहे. इक्ष्वाकु कुळातील राजा कल्माषपाद मृगयेहून परतत होता, भुकेने आणि तहानेने व्याकुळ झालेला होता; वाट अशी अरुंद की एका वेळी एकानेच जावे. समोरून वसिष्ठांच्या शंभर पुत्रांपैकी ज्येष्ठ पुत्र शक्ती आला. बाजूला हो, असे राजाने फर्मावले. ऋषिपुत्राने प्रथम सौम्य शब्दांत सांगितले की धर्माप्रमाणे राजानेच ब्राह्मणाला वाट द्यावयाची असते. दोघेही हटेनात. राजाने चाबूक ओढला, ऋषीने राक्षस होण्याचा शाप दिला. आणि त्या राक्षसाने पहिला घास घेतला तो शाप देणाऱ्या शक्तीचाच, त्यानंतर एकामागून एक त्याच्या सर्व भावांचा. एका माणसापुरत्या वाटेवरून झालेल्या तंट्यात शंभर पुत्र बळी गेले आणि एका राज्याचा राजा बारा वर्षे रानोमाळ भटकला. ग्रीकांच्या पुराणातही ईडिपस आपल्या बापाला ठार करतो तो तिठ्यावर, रथाला वाट देण्याच्याच भांडणात. तेव्हा हा रोग मोटारीबरोबर जन्मलेला नाही, मोटारीने त्याला केवळ बळ दिले आहे.

या कथेतील मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही की, त्या काळच्या शास्त्राप्रमाणे शक्तीची बाजू खरी होती. वर्णाच्या प्रतिष्ठेवर उभारलेला तो अग्रहक्क आज आपल्याला मान्य होणार नाही, आणि होऊही नये. परंतु हक्क कोणताही असो, तो आपल्याच बाजूचा आहे या निश्चितीतून जो क्रोध उपजतो, त्याचे स्वरूप तेव्हा होते तेच आज सेव्हन हिलच्या किंवा क्रांती चौकाच्या सिग्नलवर आहे. क्रोधाने लाल झालेल्या चालकाला विचारून पाहावे: मी अपराधी आहे असे त्याला क्षणभरही वाटत नसते, आपण नियमाने चाललो होतो, दुसराच मध्ये घुसला, आपण केवळ न्याय करीत आहोत, अशी त्याची खातरजमा झालेली असते. चोराला निदान आपण चोर असल्याची जाणीव असते. हक्काच्या पायावर उभ्या असलेल्या रागाला ती सुद्धा नसते, म्हणून तो शरमेने थांबत नाही.

आता, हा अपमान नेमका कोणाचा झालेला असतो? या प्रश्नासाठी आपल्याला शहराबाहेर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले. त्या महाविद्यालयाला राजा मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला भिक्खू नागसेनाचे नाव आहे. मिलिंद रथातून आला होता, आणि नागसेनाने त्याला त्या रथाविषयीच विचारले: दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके, जू, लगाम यांतील कशाला रथ म्हणावे? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले, आणि शेवटी रथ हे या साऱ्यांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे, असे त्याने कबूल केले. माणसाच्या ‘मी’चेही तसेच, असे नागसेनाने त्याला दाखवले. आपण मात्र नागसेनवनाच्या रस्त्याने रोज जातो आणि नेमके उलट करतो: बसताक्षणी आपल्या ‘मी’ची सरहद्द मोटारीच्या पुढच्या बंपरपासून मागच्या दिव्यापर्यंत वाढवतो, आणि मग पत्र्याला उठलेला ओरखडा आपल्या काळजाला उठतो. ज्याचे मूल चाकाखाली आले त्याच्या दुःखाला हे तत्त्वज्ञान लागू करून त्याची बोळवण करणे हा अधर्म होईल, तो माझा आशय नाही. परंतु ज्याला केवळ कोणी मागे टाकले, त्याचे खरोखर काय गेले, हे त्याने एकदा दांडी, आस आणि चाक असे वेगवेगळे करून पाहावे.

हा कायद्याचा विषय आहे, धर्माला यात कशाला ओढता, असे काही सुज्ञ मंडळी म्हणतील. कायदा आवश्यकच आहे, आणि त्याची अंमलबजावणी आजच्यापेक्षा कठोर व्हावी. पण पाळी कोणाची होती एवढेच कायदा ठरवू शकतो. आपली पाळी असूनही ती दुसऱ्याला द्यावी, असा हुकूम त्याला काढता येत नाही. हक्क हातात असताना तो आपखुशीने सोडणे हा प्रांत धर्माचाच आहे. काशीहून कावडीने आणलेले गंगाजल एकनाथमहाराजांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही पैठणची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; त्या पाण्यावर त्यांचा हक्क होता, पुढे रामेश्वराचा संकल्प होता, तरी ते वाटेत थांबले. वाटेतील उपद्रवकारक वस्तू दूर करणे हे इस्लामच्या परंपरेत इमानाचेच एक अंग मानलेले आहे. आणि वसिष्ठ? शंभर पुत्र गमावलेल्या त्या पित्याने कल्माषपाद समोर आला तेव्हा सूड घेतला नाही, त्याला शापातून सोडवले. पुढे शक्तीचा पुत्र पराशर सर्व जगाचा संहार करावयास निघाला तेव्हा त्यालाही त्यांनी आवरले. त्याच पराशराचे पुत्र व्यास. आजोबांनी नातवाला आवरले नसते तर ही कथा सांगणाराच जन्मला नसता.

दसऱ्याला आपण वाहनांना झेंडूच्या माळा घालतो, आणि ही पूजा शस्त्रांच्या पूजेबरोबर होते. ते योग्यच आहे, कारण वाहनात शस्त्राचे सामर्थ्य आहे. पण भीष्मपर्वात युद्धापूर्वी दोन्ही पक्षांनी ठरवलेला नियम हा होता की रथीने रथीशी लढावे, पायदळाने पायदळाशी. रणांगणावरही रथाने पायी चालणाऱ्यावर जाऊ नये. जी मर्यादा शत्रूच्या बाबतीत सांगितली, ती आपण शेजाऱ्याच्या बाबतीत पाळीत नाही. ज्याचे वाहन मोठे त्याने आधी थांबावे. सायकलवाल्याने, रस्ता ओलांडणाऱ्या आजीने, हातगाडीवाल्याने क्षमाशील व्हावे असा उपदेश करण्याचा अधिकार मोटारीत बसलेल्याला नाही.

म्हणून माझी विनंती आहे ती या शहरातील उपदेशकांना. कीर्तनकारांनी हा विषय निरूपणाला घ्यावा, मौलवींनी जुम्म्याच्या खुत्ब्यात तो सांगावा, भिक्खूंनी धम्मदेशनेत तो मांडावा, आणि उपासतापासाइतकाच वाहन चालवण्याचाही आचारधर्मात समावेश करावा. आणि कर्त्या माणसांनी, मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी त्याच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये. त्यानंतर देताना, तुला वाट सोडता येते काय, हे आधी विचारावे.